कासव, विहीर

"आई लहानपणी वाचायची ते विहिरीतल्या कासवाचं पुस्तक," असं अख्खं वाक्य शाल्मलीने वाचनालयात माझ्या शेजारी बसून तिथल्या वेबसाइटवर टाइप केलं. निवृत्तीनंतरही मी तिथे बसतो, मुलं मला आजोबाच म्हणतात. काहीच सापडलं नाही.

"आजोबा, तुमच्या कॉम्प्युटरला काही येत नाही."

"त्याला तुझी आई कशी ठाऊक असणार? पुस्तकात आहे तेवढंच विचार."

तिची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. शाल्मलीने एकेक शब्द खोडला. 'कासव' आणि 'विहीर' उरले, आणि एकच पुस्तक आलं. खाली मी ग्रंथपाल असताना लिहिलेला शेरा होता: "शेवटचं पान फाटलं. फाडणाऱ्या मुलीकडून लिहून घेतलं."

पान फाडणाऱ्याला मी तेव्हा हीच शिक्षा द्यायचो. दुसऱ्या प्रतीवरून पान उतरवून द्यायचं. ती मुलगी हिचीच आई होती, तिसरीतली, पान लिहिताना मुसमुसणारी.

मी कपाटातून पुस्तक काढून दिलं. शेवटी वहीचा पिवळा कागद चिकटवलेला होता. पेन्सिलीच्या ओळी चढावर निघाल्या होत्या.

"हे तुझ्या आईने लिहिलंय."

शाल्मलीने त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग डोळे पुसून चक्क हसली.

"आणि माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायची!"