टमरेल

शालिग्राम आबांनी सुनेच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि दवाखान्याच्या ओट्यावरून सगळं पाणी खाली ओतून दिलं.

"जयेल मानसले पानी देतस नही," ते म्हणाले. "पोटात पानी गयं की मरस."

वच्छला सासऱ्यांशी बोलत नसे. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण तिचा आवाज त्यांनी ऐकला तो दाराआडूनच. आत खाटेवर त्यांचा मुलगा, तिचा नवरा कौतिक पडला होता, सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या रुईच्या आगीत छातीपासून मांड्यांपर्यंत भाजलेला. पाणी, पाणी करत होता. आणि बाहेर बसलेली शहाणी भावकी माना हलवत होती. दोघांनी तर तिरडीचे बांबूसुद्धा आणून ठेवले होते. एवढी कसली घाई होती, देव जाणे.

नर्स सुनंदाबाईंनी बजावलं होतं: अंगातलं पाणी भाजलेल्या जागेतून झिरपून चाललंय. डॉक्टर सलाईनच्या बाटल्या आणायला जळगावला गेलेत. ते येईपर्यंत मीठ-सोड्याचं पाणी घोट घोट पाजत राहायचं. लघवी झाली की समजा, पाणी लागू पडलं. नाही झाली, तर मला काही विचारू नका.

वच्छलाने पदर पुढे ओढला आणि तांब्या परत घेतला.

"मरी तं पानी पिईसन मरी, आबा. तहानेला नही मरू देवाव मी."

तिने पाणी पुन्हा कालवलं, आत गेली, दार लावून घेतलं. एक घोट. उलटी. पुन्हा घोट. दुपार कलली. बाहेर कोणीतरी गोवऱ्यांचं विचारत होतं, तेही तिला ऐकू आलं. तिने आणखी एक घोट पाजला.

उन्हं उतरताना दार उघडलं. वच्छलाच्या डोक्यावर पदर नव्हता. एका हातात रिकामा तांब्या, दुसऱ्या हातात टमरेल. भाऊबंदांच्या मधूनच ती चालत आली. लोकांनी धोतरं आवरली, नाकं मुरडली. तिने टमरेल थेट आबांपुढे धरलं.

"देखा, आबा. मुतना तुमना पोऱ्या."

आबांनी वाकून पाहिलं. तळाशी दोन बोटं, गडद पिवळं. मग उठले आणि तिच्या हातातला तांब्या घेतला.

"मीठ कितलं टाकतस, पोरी?"