चार बोटांच्या आत

चकती शर्टाच्या बटणापेक्षा जराशी मोठी, कागदासारखी पातळ. तिच्यात बॅटरी नव्हती. फोन चार बोटांच्या आत आला की फोनच्याच ऊर्जेवर ती क्षणभर जागी व्हायची, आपला क्रमांक सांगायची आणि त्या क्रमांकाला जोडलेला आवाज फोन ऐकवायचा. त्यापलीकडे ती मुकी.

अशा चकत्या घरभर चिकटवल्या होत्या. आवाज तिचा होता. नवऱ्याला वस्तू ओळखू येईनाशा झाल्या, तेव्हा एका दुपारी बसून तिनं सगळं घर बोलून ठेवलं होतं.

लेक आली ती पर्स खांद्याला तशीच ठेवून बोलू लागली. "आई, शुश्रूषा केंद्रातून परत फोन आला. बाबांसाठी धरलेली खोली आज घेतली नाही तर ते दुसऱ्या कुणाला देणार."

"देऊ देत. अशा आजाराच्या माणसांना एकदा तिथं ठेवलं की ती परत येत नाहीत. घरात चाललंय ना नीट?"

"नीट? परवा गॅस उघडा ठेवून बाहेर येऊन बसले होते."

"म्हणून तर शेगडीला नवी चकती लावली. बघच तू."

नवरा स्वयंपाकघरात आला. शेगडीपाशी थांबला, फोन चकतीला टेकवला.

"ही शेगडी. हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे!"

त्यानं हात झटकन मागे घेतला आणि लेकीकडे बघून हसला. "बाई फटकळ आहे हं. पण खोटं बोलत नाही."

दारापाशी आरसा होता. तिथंही त्यानं फोन धरला.

"हा आरसा. समोरचे देखणे गृहस्थ तुम्हीच."

त्यानं कॉलर सारखी केली. लेकीलाही हसू आलं.

"पाहिलंस?" ती लेकीला म्हणाली. खुर्चीत तिची पाठ ताठ झाली होती.

आवाज ऐकून तो वळला. खुर्चीकडे बघत राहिला. मग जवळ आला आणि फोन तिच्या खांद्याला टेकवला.

काहीच झालं नाही. त्यानं फोन थोडा खाली सरकवला. तिनं शिकवलं होतं तसाच, सावकाश, टेकवून, वाट बघत. दंडावर. कोपरावर. मनगटावर.

"अहो," ती म्हणाली, "मी..."

"शू!" त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "थांबा हो बाई. तिला सांगू दे."

आणि फोन तिच्या कपाळाला लावला. काच गार होती. तो कान देऊन उभा होता, चेहऱ्यावर जराही घाई नव्हती. लेकीनं मान फिरवली.

ती हलली नाही. फोन कपाळावर तसाच होता.

"त्यांना कळव," ती लेकीला म्हणाली. "खोली घेतो म्हणावं."