रामकुंडाचे दोन थेंब

डबा उघडला तर रिळावर कुंकू. हळदही होती, आणि चिकटून बसलेली झेंडूची पाकळी.

"हे काय, ललितभाऊ?" मीनाने विचारलं.

"पूजा केली ना ताई, विधिवत!" विज्ञान केंद्राचे अध्यक्ष ललितभाऊ खुर्चीत ऐसपैस बसले. "काल आपल्या अंतराळ दालनाचं उद्घाटन. माणूस नुकताच वर जायला लागला तेव्हाची फिल्म ही, आणि तशीच कोरडी मांडायची? रामकुंडाचे दोन थेंबही शिंपडले."

"पाणी? फिल्मवर?"

"अंबडच्या कारखान्यात दर दसऱ्याला मशीनवर शिंपडतो. आजवर एक मशीन बंद पडलं नाही."

"ती लोखंडाची असतात, भाऊ."

ललितभाऊ खो खो हसले. त्यांना कोणी काही समजावून सांगितलं की तो विनोदच वाटायचा.

देवळाली कॅम्पातल्या मीनाच्या स्टुडिओत हे रीळ उन्हाळ्यापासून संगणकावर उतरवून घ्यायला आलेलं होतं. आंबूस वासाचं, तळलेल्या कुरडईसारखं ठिसूळ. स्कॅनरमधून एकदाच जाईल, मग तुकडेच. तिने भिंगातून ते पाहून ठेवलं होतं. उड्डाणाआधी एक माणूस अंतराळवीराच्या बुटांचे बंद बांधतो, बांधता बांधता काहीतरी बोलतो, आणि तो वर जाणारा मान उचलून खळखळून हसतो. ते हसू तिला वाचवायचं होतं. नेमका स्कॅन करायच्या आदल्या दिवशी ललितभाऊंनी मिरवायला डबा नेला.

ती मऊ फडक्याने कुंकू टिपू लागली. कुंकवाबरोबर पाण्याने सुटलेलं चित्रही फडक्यावर उतरलं. तिने हात आवरला आणि रीळ तसंच मशीनला लावलं.

पडद्यावर बूट आले. बंद बांधणारे हात आले. मग मान वर झाली, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. हसण्याने हलणारे खांदे तेवढे दिसले. त्यानंतर धूर, आणि रॉकेट सरळ वर.

"वा! रॉकेट काय झकास आलंय!" ललितभाऊंनी टाळ्या पिटल्या. "तेवढा चेहरा एआयने बसवून द्या."

"कुणाचा?"

"कुणाचाही टाका हो. हसरा असला म्हणजे झालं."

मीनाने मशीनमधले तुकडे हलक्या हाताने गोळा केले, पाकिटात घालून आपल्या कपाटात ठेवले. रिकामा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

ललितभाऊंनी आधी चपला काढल्या. मग डबा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला.