नट लई आवळू नका

ज्ञानू मिस्त्री बोटीच्या पोटात उताणा पडला होता आणि वरून सरपंच उदयसिंहदादा त्याला इंजिन शिकवत होते. दादांनी आयुष्यात स्वतः चालवलेलं एकमेव यंत्र म्हणजे माईक. पण पूर बचाव समितीचे अध्यक्षही तेच असल्यामुळे त्यांना बोलणं भाग होतं.

"नट लई आवळू नका, मिस्त्री. पान्यानं पटकन सुटतील एवढंच ठेवा."

चाळीस वर्षं उद्यमनगरात इंजिनं जोडलेल्या ज्ञानूला असा सल्ला पहिल्यांदाच मिळत होता. त्यानं तो ऐकून घेतला आणि पुढच्या नटाला पाना लावला.

बोट गावाला पुरासाठी मिळाली त्याला वीस वर्षं झाली होती. गेल्या पुरात ती मोठ्या थाटात खालच्या गल्लीकडे निघाली, दहा मिनिटं थडथडली, आणि इंजिन जिथं पंख्याच्या शाफ्टला जोडलेलं असतं नेमका तिथंच शाफ्ट तुटला. झुंबरबाई शेळीला पोटाशी धरून दीड दिवस कौलांवर बसून राहिली. पूर ओसरल्यावर समितीनं तीन सत्कार उरकले, त्यांतला एक बोटीचा होता. आता मे संपत आला होता. खालच्या गल्लीत घरं चाळीस आणि बोट एकच.

इंजिनाच्या चार पायांखालची रबरी माउंटिंगं म्हातारपणानं कुजली असती तर ज्ञानूला काही वाटलं नसतं. पण ती ओढाताणीनं फाटली होती. नटांचे कोपरे पाना फिरून फिरून गुळगुळीत झाले होते. इंजिनाखाली हात घातला तर मूठभर सुकं पाचट निघालं.

"दादा, बोटीत उसाचं पाचट कुठनं आलं?"

"पुरात काय काय वाहून येतंय," दादा म्हणाले आणि फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

तुटलेला शाफ्ट बदलून झाला, नवी माउंटिंगं बसली. ज्ञानू हात पुसत बाहेर आला. "आता बोट पाण्यात सोडा. इंजिन आनी शाफ्टाची जुळणी तिथंच करायची."

दादांचा चेहरा उतरला. तपासणीला परवा साहेब येणार होते. बोट ट्रॉलीवर, ट्रॉलीला झेंडूच्या माळा, भोवती मांडव, असा सगळा बेत पंचायतीसमोर तयार होता.

"हितं कोरड्यात जुळंना व्हय?"

"जुळतंय की. पर ट्रॉलीवर टेकल्यावर बोटीचं अंग येगळं बसतंय, पाण्यात येगळं. हितं सरळ केल्यालं तिथं वाकडं हुतंय. मग पुन्हा थडथड, पुन्हा शाफ्ट तुटणार."

"साहेबापुरतं चाललं तरी बास हाय की!"

"आनी आमच्यापुरतं?" मागून झुंबरबाईनं विचारलं. ती शेळी घेऊनच आली होती.

दादांनी तिला वाकून नमस्कार केला. उत्तर नसलं की दादा नमस्कार करत. पण आता चार माणसं जमली होती, त्यामुळे बोट नदीवर गेली आणि मांडवही उचलून घाटावर न्यावा लागला.

ज्ञानूनं बोट एक दिवस पाण्यात नुसतीच तरंगू दिली. दुसऱ्या दिवशी तो कामाला बसला. इंजिनाच्या आणि शाफ्टाच्या टोकाची जोडाची तबकडी एकमेकींसमोर आणायची, त्यांच्या फटीत कागदासारखी पातळ पट्टी घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायचं, फरक दिसला की एका पायाचा नट पाव वेढा फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दादा दर तासाला येऊन "झालं?" असं विचारून देखरेख करून गेले. दुपारी पट्टी चारी बाजूंनी सारखीच अडकली. इंजिन सुरू केलं तेव्हा बोटीच्या कडेवरचा चहाचा पेला जागचा सरकला नाही. ज्ञानूला मनापासून आनंद झाला.

मग त्यानं डिझेलची टाकी उतरवून काठावर ठेवली, नव्या रबरांवर ओलं पोतं गुंडाळलं, मांडववाल्याकडून जनरेटर मागून घेतला आणि आणखी अर्धा तास काहीतरी केलं.

तपासणी झकास झाली. बोट पाच मिनिटं चालली, दादा चाळीस मिनिटं बोलले. मिस्त्रीचं नाव घ्यायचं राहून गेलं. साहेबांनी "अशी बोट प्रत्येक गावात हवी" असा शेरा मारला आणि दादांनी त्या शेऱ्याचा फोटो काढून घेतला.

तपासणीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दादांचा ड्रायव्हर यशराज ट्रॅक्टर, चेनपुली आणि मोठा पाना घेऊन घाटावर आला. दर उन्हाळ्यात यायचा तसाच. त्यानं बोटीत उतरून पाना लावला, मग पान्याला पाइप लावला, मग पाइपला लाथ मारली. शेवटी घामाघूम होऊन त्यानं दादांना फोन केला.

"दादा, एक नट फिरंना. म्हाताऱ्यानं चारीच्या चारी वेल्डिंगनं पॅक केल्यात."

दादांनी तिथल्या तिथं ज्ञानूला फोन लावला. ते इतके चिडले होते की आपण कुणाला काय सांगतोय याचं भान त्यांना राहिलं नाही.

"मिस्त्री, नट लई आवळू नका म्हणून सांगितलं हुतं का न्हाय? दिवसा लाईट नसती. पंप कशावर चालवू? तीन एकर ऊस वाळायलाय माझा!"

"मग ऊस आणा की घाटावर," ज्ञानू म्हणाला. "इंजिन आता बोटीतनं हलत न्हाय."