बाहेरचं पाणी

पातेल्यातलं पाणी खदखदायला लागलं, तसं कृष्णाबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. इथून पुढं वीस मिनिटं. पेपरात कॉलऱ्याची बातमी आली त्या दिवशी मालकीण श्वेतानं हा नियम घातला होता. पाणी घड्याळ लावून उकळायचं, मग गाळून फिल्टरमध्ये ओतायचं. इंदिरानगरातल्या त्या घरात रोज दोन पातेली पाणी असं शिजत होतं.

आज कृष्णाबाईच्या पिशवीत एक रिकामी जाड प्लास्टिकची बाटली होती. ती कशी पुढं करायची, हे ती सकाळी झोपडीतून निघाल्यापासून जुळवत होती.

तिची सून भाग्यलक्ष्मी परवापासून आडवी होती. सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोघी-दोघी. काल दुपारी डॉक्टरनं मीठसाखरेच्या चार पुड्या हातात ठेवून तिला घरी धाडलं होतं. "लिटरभर पाण्यात एक पुडी. पाणी उकळलेलंच हवं, बाई. कच्चं दिलंत तर पोरगी हातची जाईल." पुड्या होत्या. रॉकेल मात्र दहा तारखेशिवाय रेशनला येत नव्हतं. आणि गल्लीतल्या नळाचा पाइप नाल्यातून आलेला होता. इंदिरानगरच्या सगळ्या मोऱ्या वरून त्याच नाल्याला येऊन मिळत.

उघडपणे मागायचीही सोय नव्हती. शेजारच्या धनलक्ष्मीच्या दारावर कॉर्पोरेशनच्या माणसांनी कॉलऱ्याचं घर म्हणून चुन्यानं फुली मारली आणि आठवड्यात तिची धुण्याभांड्याची दोन्ही घरं सुटली. काल फुली कृष्णाबाईच्या दारावर आली.

आतल्या खोलीत श्वेताचा नवरा अजित पडून होता. पडद्याच्या दांडीला सलाइनची बाटली टांगलेली, उशाशी आणखी दोन. डॉक्टर सकाळीच घरी येऊन लावून गेले होते. त्याच्या खाटेखालची बादली कृष्णाबाईनंच न्हाणीघरात नेऊन ओतली. तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी. ते ओळखायला तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. परवापासून ती तेच तर उपसत होती.

बाहेरच्या खोलीत श्वेता पुण्याला फोनवर बोलत होती. "नाही गं आई, फूड पॉयझनिंग आहे. कंपनीच्या पार्टीत काहीतरी खाल्लं. अगं, रडतेस काय? दोन दिवसांत बरा होईल."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. वयानं कृष्णाबाईच्या लेकीएवढी. पण पगार देणारी, म्हणून अक्का. कृष्णाबाई निपाणीकडची; ह्या कानडी शहरात घरात कुणीतरी मराठी बोलणारं हवं, एवढ्यासाठीच श्वेतानं तिला कामाला ठेवलं होतं.

"अक्का, सायबांना वांतिभेदी झालीया काय वो?"

"काय झालीय?"

"पटकी."

"शी! काहीतरी काय बोलता, कृष्णाबाई! फूड पॉयझनिंग आहे. म्हणजे बाहेरचं काहीतरी पोटात गेलं. कॉलरा होतो तो तिकडे, झोपडप..." श्वेता थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमच्याकडे नाहीये ना कुणाला?"

कृष्णाबाईनं घड्याळ बघितलं. अजून दोन मिनिटं होती.

"छे, छे. आमच्यात कॉलरा न्हाई," ती म्हणाली. "सुनेला नुसतं फुडपायजन झालंय."

"काय झालंय?"

"तेच की. सायबांना झालंय ते."

 श्वेतानं चोर पकडल्यासारखं विचारलं, "असं? मग काय खाल्लं होतं तिनं बाहेरचं?"

"आमाला बाहेरचं खायला कुठलं, अक्का? पाणी पिली. आमच्या घरात तेवढंच बाहेरनं येतंय."

वीस मिनिटं झाली. कृष्णाबाईनं गॅस बंद केला, पदरानं धरून पातेलं ओट्यावर उतरवलं आणि पिशवीतली बाटली काढली.

"ह्यातलं स्वल्प पाणी देता काय? पुड्या हाईत माझ्याकडं. पाणी तेवढं न्हाई."

श्वेतानं हात पुढं केला आणि मागं घेतला. "तिथं खाली ठेवा," ती म्हणाली.

कृष्णाबाईनं बाटली फरशीवर ठेवली. श्वेतानं वाटीनं पाणी घेऊन कमरेएवढ्या उंचीवरून सोडलं. बाटलीचं तोंड अरुंद. थोडं आत गेलं, बाकीचं फरशीवर. पुन्हा एक वाटी, पुन्हा तसंच. तिसऱ्या वाटीला कढत पाणी तिच्याच पायावर उडालं आणि ती मागं सरली.

बाटली निम्म्याच्या खालीच होती.

"कृष्णाबाई, प्लीज राग मानू नका. घरात आधीच एक पेशंट आहे. चार दिवस येऊ नका. मी निरोप पाठवीन."

धनलक्ष्मीलाही चारच दिवस सांगितले होते.

कृष्णाबाईनं बाटलीला बूच लावलं. फरशी ओली राहू नये म्हणून सवयीनं फडक्याकडं हात गेला, तर "राहू दे, राहू दे, मी करते," असं म्हणत श्वेता लगबगीनं पुढं आली. तिनं पातेल्याला चिमटा लावला, दोन्ही हातांनी ते उचललं आणि उरलेलं सगळं पाणी सिंकमध्ये उपडं केलं. वाफेचा लोट उठला. मग पातेलं साबणानं घासायला घेतलं.

सिंक गुडगुडलं. तिथून मोरी, मोरीतून नाला.

अर्धवट भरलेली बाटली पदराखाली धरून कृष्णाबाई दाराबाहेर पडली तेव्हा, वीस मिनिटं उकळलेलं ते पाणी तिच्याआधीच तिच्या घराकडं निघालं होतं.