बाईंचा वर्ग

बायको गेल्याचं शाळेत कळलं, तेव्हा तिच्या दहावीच्या वर्गाची पूर्वपरीक्षा चालू होती. महिन्याभराने त्याच मुलांनी निरोप समारंभाला मला बोलावलं.

मुलं आठवणी सांगत होती. "तीन वर्षांत बाईंनी एकही तास बुडवला नाही," एक मुलगी म्हणाली. "तापात तरी येणार नाहीत असं वाटायचं, पण छे! लाकडी कंपास घेऊन हजर!" सगळे हसले, मग टाळ्या वाजल्या.

दिवाळीपासून तिच्या छातीत दुखत होतं. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, "दहावीचा वर्ग आहे हो. परीक्षा होऊ दे पोरांची."

"काका, दोन शब्द बोला ना!"

मी उठून "पेपर नीट लिहा" एवढंच बोललो. तुमच्या परीक्षेपायी ती दवाखान्यात गेली नाही, हे त्यांना सांगायचं राहिलं.