उबेचे तास

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा तिघांकडे वळवला. पोरगी, पोरीची आई आणि आजोबा.

"शाब्बास! रोज बावीस तास पट्टा. एक खाडा नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "तरीही पाठीचा बाक वाढलाय. एकतीस अंशांचा एक्केचाळीस. एवढा घालूनही वाढतोय, म्हणजे पट्ट्याचा उपयोग नाही. आता ऑपरेशन. कण्यात सळया घालाव्या लागतील."

"अहो, इतक्या मनापासून घातला हो पोरीनं!" आईला हुंदका फुटला.

मनापासून? पोरीनं तो धड चार दिवसही घातला नव्हता. त्या कडक प्लॅस्टिकच्या पट्ट्यात मोहरीएवढं यंत्र होतं. अंगाची ऊब लागली की तास मोजायचं. शाळेत पोरं तिच्या पोटावर टकटक करायची, "कोण आहे का घरात?" म्हणून दात काढायची. चौथ्या दिवशी तिनं पट्टा आजोबांच्या मांडीवर टाकला आणि ढसाढसा रडली. तेव्हापासून सहा महिने आजोबा पट्टा पोटाशी धरून पांघरुणात, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते तसे. भर उन्हाळ्यात! सुनेनं विचारलं की म्हणायचे, थंडी वाजते. ती कामावरून आली की तेवढ्यापुरता पट्टा पोरीच्या अंगावर. मग पुन्हा पांघरुणात.

आजोबा उठून उभे राहिले.

"डॉक्टर, ते तास माझे आहेत. पट्टा मी उबवलाय."

डॉक्टरांना हसू आलं. सुनेनं कपाळावर हात मारला. "बाबा, इथं तरी थापा नकोत! मनावर घेऊ नका हो डॉक्टर. एका शिंकेनं वाघ पळवलाय यांनी."

"वाघाचं खोटं होतं. हे खरं आहे!" तपासणीसाठी काढून टेबलावर ठेवलेल्या पट्ट्याकडे आजोबांनी बोट दाखवलं. "पोरीला विचारा."

डॉक्टर पोरीकडे वळले. "काय गं? तसं असेल तर ऑपरेशन थांबवून बघू. पण पट्टा घालायचा, अजून दोन वर्षं. शाळेतसुद्धा."

पोरीनं आजोबांकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"आजोबा ना, नेहमीच थापा मारतात."

डॉक्टर ऑपरेशनची तारीख लिहू लागले. आजोबा मोठ्यांदा हसले, थाप पकडली गेली की हसायचे तसेच. हसता हसता टेबलावरचा पट्टा उचलून त्यांनी सवयीनं पोटाशी धरला.

पट्टा गार पडला होता.